विहारांच्या वह्यांतील माणसे
(जुन्या जपानमधील जन्म-मृत्यूचा हिशेब)

किसा गोतमीची कथा आपल्या विहारांत लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती भगवान बुद्धांकडे आली, तेव्हा त्यांनी तिला मूठभर मोहरी आणायला सांगितली. अट एकच होती, ज्या घरात कधी कोणी मेलेले नाही त्या घरातून ती आणायची. ती दारोदार फिरली, पण तसे घर तिला मिळाले नाही. त्या दुःखी मातेने दारोदारी विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे कोणी वहीत उतरवून ठेवली असती, तर ती वही केवढी मोलाची झाली असती! कोणत्या घरात कोण गेले, कोणत्या वयात गेले, कशाने गेले, हे सारे तिच्यात सापडले असते.

अशा वह्या एका देशात खरोखर लिहिल्या गेल्या, आणि त्या बुद्धविहारांशी बांधलेल्या होत्या. तो देश म्हणजे जपान. जपान म्हटले की आपल्याकडील बौद्ध माणसाला नागपूरचे भदंत सुरेई ससाई आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते. त्याच जपानमधील खेड्यापाड्यांतील सामान्य माणसे दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी कशी जगत व कशी मरत, हे या वह्यांतून आज कळू शकते. आमचा व्यवसाय बँकेतील खातेवह्या सांभाळण्याचा असल्यामुळे या जुन्या नोंदींचे आम्हांला विशेष आकर्षण वाटले. वही काय सांगते आणि काय लपवते, हे पाहण्याची सवय आम्हांला पोटापाण्यासाठी लावून घ्यावी लागते. तीच सवय येथे कामी आणीत आहोत.

वह्या कशा सुरू झाल्या

इ. स. १६०३ ते १८६८ या काळात जपानवर तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची सत्ता होती. सम्राट नावापुरता क्योतोला होता. खरा कारभार एदो शहरातून, म्हणजे आजच्या तोक्योतून चाले, आणि प्रांतोप्रांती दाइम्यो नावाचे सरदार राज्य करीत. या सत्तेने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली होती. १६३७-३८ साली शिमाबारा येथे शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले, त्यात ख्रिस्ती लोक पुष्कळ होते. त्यानंतर सत्ताधाऱ्यांचा संशय अधिकच वाढला. प्रत्येक कुटुंबाने कोणत्या ना कोणत्या बुद्धविहाराशी नाव जोडलेच पाहिजे, आणि ‘हे कुटुंब आमच्याकडचे आहे, ख्रिस्ती नाही’ असा दाखला तेथील भिक्षूने दिला पाहिजे, अशी सक्ती झाली. या तपासणीच्या वहीला ‘शूमोन आरातामे चो’ म्हणत. १६७१ पासून ती देशभर दरवर्षी लिहिण्याचा दंडक पडला.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही वही करुणेपोटी लिहिली गेली नाही, ती पाळत ठेवण्यासाठी लिहिली गेली. विहार हा राज्याचा दफ्तरदार झाला होता. परंतु हेतू काहीही असो, वहीत घरटी माणसांची नावे, वये, नाती आली. लग्न होऊन कोण आले, चाकरीला कोण गेले, कोण मेले, हेही आले. यापेक्षा निराळी अशी एक वही विहारात असे, तिचे नाव ‘काकोचो’, म्हणजे गेलेल्यांची वही. माणूस मेल्यावर भिक्षू त्याला एक धम्मनाम देत, त्याला ‘काइम्यो’ म्हणतात. ते नाव आणि मृत्यूची तारीख काकोचोत लिहीत, म्हणजे पुढे दरवर्षी स्मरणविधी करता येई.

वहीत काय, वहीबाहेर काय

या वह्या कित्येक वर्षे विहारांत व गावच्या मुखियांच्या घरी पेट्यांमध्ये पडून होत्या. हायामी आकिरा (१९२९-२०१९) या इतिहास संशोधकांनी त्यांचे मोल ओळखले. १९६३-६४ च्या सुमारास ते युरोपात असताना फ्रेंच लोकसंख्या-अभ्यासक लुई आंरी यांची पद्धत त्यांच्या वाचनात आली. चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी जुळवून एकेक कुटुंब पुन्हा उभे करायचे, अशी ती पद्धत होती. जपानमध्ये तर घराघराची वार्षिक यादीच तयार होती! हायामींनी प्रत्येक घराला एक कागद दिला, त्यावर वर्षांचे रकाने पाडले आणि माणूस कधी आला, कधी गेला ते भरत गेले. आमच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक घराचे एक खाते उघडले.

पण खाते वाचताना सावध राहावे लागते. वही वर्षातून एकदाच लिहिली जाई. समजा, एखाद्याने खात्यात रक्कम भरली आणि वर्षअखेरीपूर्वीच काढून घेतली, तर केवळ अखेरची शिल्लक पाहणाऱ्याला त्या रकमेचा पत्ताही लागणार नाही. तसेच दोन नोंदींच्या मधल्या काळात जन्मून मेलेले मूल या वहीत कोठेच दिसत नाही. वयाचा हिशेबही निराळा होता. मूल जन्मताच एक वर्षाचे धरीत आणि नववर्ष येताच दोन वर्षांचे होई. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात जन्मलेले तान्हे काही दिवसांतच ‘दोन वर्षांचे’ म्हणून लिहिले जाई. हे सारे दुरुस्त करून अभ्यासकांनी जो अंदाज बांधला तो असा, की साधारणपणे पाचांपैकी एक मूल पहिला वाढदिवस पाहत नसे, आणि जन्मवेळचे सरासरी आयुर्मान तिशी-पस्तिशीच्या आसपास असे.

‘सरासरी तीस’ याचा अर्थ तिशीत माणसे म्हातारी होत, असा मुळीच नाही. लहानपणच्या मृत्यूंमुळे सरासरी खाली ओढली जाते. बालपण सुखरूप पार पडले तर पन्नाशी-साठी गाठणारे पुष्कळ होते, आणि वह्यांत सत्तरी-ऐंशीचे आजी-आजोबाही भेटतात.

सव्वाशे वर्षे थांबलेली संख्या

१७२१ साली शोगुन योशिमुने यांनी देशभरची माणसे मोजण्याचा हुकूम काढला. १७२६ पासून ही मोजणी दर सहा वर्षांनी होऊ लागली. १७२१ चा आकडा होता २ कोटी ६० लाख ६५ हजार ४२५. सव्वाशे वर्षांनंतर, १८४६ साली, आकडा आला २ कोटी ६९ लाख ७ हजार ६२५. म्हणजे एवढ्या काळात वाढ नऊ लाखांचीही नाही. या आकड्यांत सामुराई वर्ग नव्हता, आणि काही सरदारांच्या मुलखात ठरावीक वयाखालची मुले मोजतच नसत. म्हणून खरी लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास असावी असे मानतात. पण ती जागच्या जागी थांबली होती, हे खरे. त्याआधीच्या सतराव्या शतकात तर ती भराभर वाढली होती.

मग माणसे जन्मत नव्हती काय? जन्मत होती. पण ‘थांबली’ हा शब्द फसवा आहे. खात्यातील शिल्लक तीच राहिली म्हणजे व्यवहार झाला नाही, असे होत नाही. देशाचे प्रांतवार आकडे पाहिले तर चित्र पालटते. १७२१ ते १८४६ या काळात एदोच्या उत्तरेकडील कान्तो भागात लोकसंख्या पाव हिश्शाहून अधिक घटली. ईशान्येकडील तोहोकूतही घट झाली. उलट पश्चिमेकडे, अंतर्गत समुद्राच्या काठच्या प्रांतांत ती सुमारे पाचव्या हिश्शाने वाढली. एकीकडची गावे ओस पडत होती आणि दुसरीकडची भरत होती. एकूण बेरजेत मात्र काहीच घडले नसल्यासारखे दिसते.

दुष्काळ, देवी आणि शहर

ईशान्येकडील घटीचे पहिले कारण दुष्काळ. तेथे उन्हाळा थंड गेला की भाताची लोंबी भरत नसे. १७८० च्या दशकातील तेनमेई दुष्काळ सर्वांत भीषण. त्यातच १७८३ साली आसामा ज्वालामुखीचा स्फोट होऊन शेतांवर राख पसरली. १७८० ची मोजणी २ कोटी ६० लाखांची होती, ती १७८६ साली २ कोटी ५१ लाखांच्याही किंचित खाली आली. सहा वर्षांत नऊ लाखांवर माणसे मोजणीतून नाहीशी झाली. काही मेली आणि काही गाव सोडून परागंदा झाली. पुढे १८३० च्या दशकात तेम्पो दुष्काळाने पुन्हा हाहाकार माजवला.

दुष्काळ अधूनमधून येई. देवी मात्र नेहमीच्याच होत्या. हिदा या डोंगराळ प्रांतातील ओगेन्जी नावाच्या विहाराच्या काकोचोत मृत्यूचे कारणही लिहून ठेवले आहे. अशी वही फार दुर्मीळ. अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन जॅनेटा यांनी या वहीतील १७७१ ते १८५२ या काळातील नोंदी तपासल्या. देवीने मेलेल्यांत जवळजवळ सगळी लहान मुले होती. कारण मोठी माणसे लहानपणी देवी येऊन वाचलेलीच असत. गोवराची तऱ्हा निराळी होती. तो १८०३, १८२४, १८३६, १८६२ असा वर्षावर्षांच्या अंतराने येई आणि मधल्या काळात जन्मलेल्या सर्वांना गाठे. कॉलरा १८२२ साली प्रथम आला. मात्र युरोपला ज्याने उद्ध्वस्त केले, आणि १८९६ पासून ज्याने मुंबई-पुण्यात थैमान घातले, तो प्लेग जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीपर्यंत पोचला नव्हता. समुद्र आणि परदेशी जहाजांवरील बंदी यांनी हे एवढे रक्षण केले. पण त्याच बंदीमुळे औषधही उशिरा आले. देवीची लस मुंबईत १८०२ सालीच आली होती. नागासाकीत उपयोगी पडेल अशी लस पोचायला १८४९ साल उजाडले. पुढे मात्र ठिकठिकाणच्या वैद्यांनी स्वतःच्या हिमतीवर ती वर्षभरात दूरदूर नेली.

तिसरे कारण शहर. एदोची वस्ती अठराव्या शतकात दहा लाखांच्या घरात गेली होती. खेड्यातील पोरे तेथे चाकरीला जात. या चाकरीला ‘देकासेगी’ म्हणत. शहरात सडलेला पांढरा तांदूळ खायला मिळे, ही मोठी चैन समजत. पण त्यानेच पाय सुजून माणसे मरत. या बेरीबेरीला लोक ‘एदोचा आजार’ म्हणत. कोंड्याबरोबर जीवनसत्त्व निघून जाते, हे तेव्हा कोणाला माहीत असणार!

मिनो प्रांतातील निशिजो गावाच्या १७७३ ते १८६९ या सत्त्याण्णव वर्षांच्या वह्या हायामींनी तपासल्या. अकरा वर्षांपर्यंत जगलेल्या मुलांपैकी निम्मे मुलगे आणि दहांपैकी सहा मुली कधी ना कधी चाकरीला बाहेर गेल्या होत्या. कित्येक परत आलेच नाहीत, तिकडेच मेले. ज्या मुली परतल्या त्यांची लग्ने इतर मुलींपेक्षा सुमारे पाच वर्षे उशिरा झाली, म्हणून त्यांना मुलेही कमी झाली. चाकरीला जाणारी मुले बहुतेक कुळांच्या घरची, म्हणजे गरिबांच्या घरची. परिणाम काय झाला? कुळांची घरे एकामागून एक बुजत गेली, आणि त्यांच्या जागी जमीनवाल्यांच्या धाकट्या शाखा खाली येऊन बसल्या. गावाची शिरगणती तेवढीच राहिली, पण गरिबांचा वंश खुंटला. हायामींनी मोठ्या शहरांना ‘मुंग्यांचा नरक’ म्हटले. वाळूतल्या खळग्यात किडा दबा धरून बसतो आणि मुंग्या घसरत आत येतात, तशी ही शहरे खेड्यांतील तरुण रक्त गिळीत.

माबिकी

आता एका कटू गोष्टीकडे वळले पाहिजे. रोपे दाट झाली की शेतकरी काही उपटून टाकतो, त्याला आपण विरळणी म्हणतो. जपानी भाषेत तोच शब्द ‘माबिकी’. नको असलेले तान्हे जन्मताच मारण्याला पूर्व जपानमध्ये हाच शब्द वापरीत. अमेरिकेतील संशोधक फॅबियन ड्रिक्सलर यांनी यावर २०१३ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ही प्रथा केवळ भुकेकंगालांची नव्हती. दोन-तीन मुले नीट वाढवावीत, घर टिकवावे, अशा हिशेबाने खाऊनपिऊन सुखी कुटुंबेही ती पाळीत, असे त्यातून दिसते. आपल्याकडील वाचकांना हे ऐकून धक्का बसेल. पण गर्भातील मुलगी नाकारणारा समाज आपणही पाहिला आहे, म्हणून दुसऱ्याला नावे ठेवण्याची घाई नको.

इबाराकी प्रांतातील तोकुमान्जी विहारात एक जुने चित्र आहे. एक आई नवजात बालकाचे तोंड दाबते आहे. मागे भिंतीवर तिची सावली पडली आहे, त्या सावलीला शिंगे आहेत. जवळ क्षितिगर्भ बोधिसत्त्व, ज्यांना जपानी लोक जिझो म्हणतात, रडत उभे आहेत. जपानच्या लोकसंस्कृतीचे थोर अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी लहानपणी हे चित्र पाहिले आणि ते त्यांच्या मनातून जन्मभर गेले नाही.

काही सरदारांनी बंदीहुकूम काढले, गरोदर स्त्रियांच्या नोंदवह्या ठेवल्या, बालसंगोपनासाठी मदतही दिली. धम्माचा प्रभावही दिसतो. जोदो शिन्शू पंथाचे भिक्षू या प्रथेला पाप मानून निक्षून विरोध करीत, आणि त्यांचा जोर होता त्या पश्चिम किनाऱ्याच्या भागात माबिकी फारच कमी होती. तेथे माणसे वाढली, जमीन अपुरी पडली. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी याच पंथाची शेतकरी कुटुंबे, हद्द ओलांडण्यास मनाई असताना, आपल्या भिक्षूंच्या साहाय्याने दुष्काळात ओस पडलेल्या पूर्वेकडील सोमा प्रदेशात जाऊन वसली. ओसाड शेते पुन्हा हिरवी झाली. विहार नुसते दाखले देत नव्हते, माणसेही वाचवीत होते, याचे हे उदाहरण आहे.

वेगळी वही

परंतु चित्राची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावणारे, कातडे कमावणारे, तुरुंगाची व फाशीची कामे करणारे लोक जपानमध्येही अस्पृश्य मानले गेले होते. त्यांना दिलेल्या नावाचा अर्थच ‘अतिशय घाण’ असा होता. आज त्यांच्या वंशजांना बुराकुमिन म्हणतात. त्यांची नोंद पुष्कळ ठिकाणी वेगळ्या वहीत, नाहीतर गावाच्या वहीच्या अगदी शेवटी होई. आणि तरीही गंमत अशी, की देशाची लोकसंख्या थांबली असताना यांच्या कित्येक वस्त्या वाढत होत्या. इझुमी प्रांतातील मिनामी ओजी ही वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक पटींनी वाढली. कातडी तळाच्या चपलांच्या धंद्याने तिला तगवले, असे इतिहासकार सांगतात.

१८७१ साली सरकारने या जातींची हीन नावे कायद्याने रद्द केली. पण १८७२ च्या नव्या कुटुंबनोंदणीत काही ठिकाणी त्यांच्यापुढे ‘नवे सामान्यजन’ असा शेरा लिहिला गेला. घाव भरला, तरी वहीने व्रण ठेवलाच. पुढे सोयरीक जुळवताना, नोकरी देताना ही नोंद उकरून काढण्याची चाल पडली. १९२२ च्या मार्च महिन्यात, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी, क्योतोत या लोकांनी ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना उभारली. पाण्याची पातळी जशी समान, तशी समता, असा तिचा अर्थ. अखेर १९६८ साली त्या १८७२ च्या नोंदी लोकांना पाहण्यास बंद करण्यात आल्या.

आणि विहारांचे काय? विहारांच्या काकोचोतही या लोकांना मेल्यावर जी धम्मनामे दिली, त्यांत ‘पशू’, ‘चामडे’, ‘दास’ अशी अक्षरे घातलेली आढळली. ज्या धम्मात उपाली न्हावी आणि सुनीत भंगी यांना संघात मानाचे स्थान मिळाले, त्या धम्माच्या नावे हे घडले! १९७९ साली प्रिन्स्टन येथील जागतिक धर्म व शांती परिषदेत सोतो झेन पंथाचे प्रमुख पदाधिकारी माचिदा मुनेओ यांनी ‘जपानमध्ये असा भेदभाव नाही’ असे सांगितले. त्यावर बुराकू चळवळीने जाब विचारला. १९८४ साली नैरोबीच्या परिषदेत त्यांनी आपले विधान चुकीचे होते म्हणून जाहीर माफी मागितली. त्यानंतर त्या पंथाने आपल्या विहारांतील वह्या आणि थडगी तपासून अशी नावे शोधली व बदलण्याचे काम हाती घेतले. काकोचो बाहेरच्यांना दाखवण्यावरही बंधने आली.

आपण काय घ्यावे

आज जपानमध्ये स्त्रियांचे सरासरी आयुर्मान सुमारे सत्त्याऐंशी आणि पुरुषांचे सुमारे एक्क्याऐंशी वर्षे आहे. हजार मुलांमागे दोनही मुले पहिल्या वर्षात मरत नाहीत. माणसे तीच आणि बेटेही तीच आहेत. लस, स्वच्छ पाणी, पुरेसे अन्न, शिक्षण आणि आईची काळजी यांनी हा फरक केला. दोनशे वर्षांपूर्वीचे मृत्यू हे नशिबाचे किंवा पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ नव्हते. कारणे होती, म्हणून ती दूर करता आली. कारण नाहीसे झाले की दुःख नाहीसे होते, ही तर तथागतांचीच शिकवण.

आमच्या मते या वह्यांचा खरा धडा असा आहे. माणसाची नोंद होणे ही मोठी गोष्ट आहे. ज्यांची नोंद झाली, ते गरीब शेतकरी, चाकरीला गेलेल्या पोरी, देवीने गेलेली लेकरे आज दोनशे वर्षांनीही आपल्याशी बोलतात. नोंदीपूर्वीच मेलेली तान्ही मात्र कायमची मुकी राहिली. पण नुसती नोंद पुरेशी नाही. कोणत्या वहीत, कोणत्या पानावर, कोणत्या शब्दांत नोंद झाली, यावर माणसाचा मान ठरतो. सगळ्यांसाठी एकच वही आणि तिच्यात सगळ्यांना सारखेच शब्द, हे जेथे साधते तेथेच समता खरी.

बँकेत मयताच्या खात्याचे काम घेऊन येणाऱ्या कित्येक विधवा मातांजवळ मृत्यूचा दाखला नसतो आणि स्वतःच्याच पैशांसाठी त्यांना हेलपाटे घालावे लागतात, हे आम्ही नित्य पाहतो. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म व मृत्यूची खबर एकवीस दिवसांच्या आत द्यायची असते. आपल्या वस्तीतील प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद वेळेवर होते ना, मुलीचे नाव मुलाइतक्याच अगत्याने लिहिले जाते ना, हे पाहणे हे आपल्या विहारांतील तरुण मंडळींना सहज करता येण्यासारखे काम आहे. जुन्या जपानच्या विहारांनी राजाच्या भीतीने वह्या लिहिल्या. आपण त्या माणसाच्या प्रेमाने लिहू या.

भवतु सब्ब मंगलम्।